राखणदाराचा नववा प्रश्न

"सर, राखणदार शिवेवरसून हलणा नाय," सातवीतली गौरवी शिक्षकांच्या खोलीच्या दारातून म्हणाली.

गोकुळदास सरांनी बशीत ओतलेला चहा तोंडापर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला. दुपारचे पावणेएक वाजले होते, बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, आणि तरी सरांच्या पाठीवरून घामाचा एक गार ओघळ खाली गेला. "कुठला राखणदार?" त्यांनी आवाज शक्य तितका मास्तरी ठेवून विचारलं.

"काँप्युटरातलो, सर."

"मग असं सांग ना आधी!" सर म्हणाले आणि त्यांनी चहा एका दमात संपवला. दोन थेंब शर्टावर पडले.

लाटंबार्से मागे टाकून दोडामार्गाच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला खडपेवाडा लागतो. तिथल्या शाळेत गोकुळदास गांवस सव्वीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवत होते. शाळेच्या कुंपणाला लागूनच गावची शीव, आणि शिवेवर काजूच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. गावात सांगतात की राखणदार हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि शब्द मोडणाऱ्याला काठीचा प्रसाद देतो. विज्ञानाचे शिक्षक या नात्याने सर दर वर्षी सातवीला सांगत की दगड हा दगडच असतो. आणि दर सकाळी स्कूटरवरून येताना त्याच दगडापाशी वेग कमी करून, कोणी बघत नाही याची खात्री करून, हळूच एकदा हॉर्न वाजवत. त्या दिवशी नेमकी मागून मुलांनी भरलेली शाळेची बस येत होती, म्हणून हॉर्न राहून गेला होता. पहिल्या तासापासून सरांच्या मनाला ती एकच गोष्ट कुरतडत होती.

सर मुळातच भित्रे. ते पालीला भीत, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भीत, आणि पणजीहून आलेलं सरकारी पाकीट तर उघडण्याआधीच भीत. घरी त्यांची बायको विमला त्यांना पाकीट फोडून, वाचून, मगच द्यायची. पण वर्गात पाऊल टाकलं की हाच माणूस वाघ होई. त्यांची एक भुवई वर गेली की सत्तावीस मुलांचा श्वास अडके. आणि त्यांचं गणित कधी चुकत नाही, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. गावातली माणसं शेताची मोजणीसुद्धा त्यांच्याकडून पुन्हा करून घेत. ही एक अब्रू सोडली तर आपल्याजवळ दुसरं काही नाही, असं सरांना मनोमन वाटे, आणि ती जाईल की काय याचीही त्यांना भीती वाटे.

महिन्यापूर्वी पणजीला शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. मुलांनी खेळ खेळून शिकायचं हे आता जुनं झालं, मुलांनी स्वतः खेळ तयार करून शिकायचं, असं तिथे एका तरुण बाईंनी सांगितलं. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. ते एकाखाली एक जोडले की चित्रं चालतात, बोलतात, प्रश्न विचारतात. हिरवा बावटा दाबला की खेळ सुरू, लाल गोल दाबला की बंद. शिबिराहून आल्यावर मुख्याध्यापिका मालतीबाईंनी हे काम सरांच्याच गळ्यात घातलं. "गोकुळदास, तुम्हीच करा. तुमचं चुकत नाही," त्या म्हणाल्या. आणि उद्या, म्हणजे शुक्रवारी सकाळी दहा वाजता, पणजीचे साहेब तो खेळ बघायला येणार होते.

खेळ गौरवीने केला होता, आणि कोणालाही कौतुक वाटावं असा केला होता. एक मुलगी शाळेतून घरी निघते. वाटेत दहा शिवा लागतात. प्रत्येक शिवेवर राखणदार तिला अडवतो आणि अपूर्णांकाचा एक प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं तर बाजूला होतो, चुकलं तर काठी आपटून मागे पाठवतो. दहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं सरांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिली होती. बाकी सगळं गौरवीचं.

संगणकाच्या खोलीत दहा यंत्रं होती. त्यांतली सात चालत, आणि सातांतलं एकच मोठ्या पडद्याला आणि स्पीकरला जोडलेलं होतं. सगळा वर्ग त्याच्याभोवती दाटीवाटीने उभा होता. एरवी या खोलीत मासळी बाजार भरायचा. आज कोणी हूं की चूं करत नव्हतं. मोठ्या पडद्यावर घोंगडीवाला राखणदार पाय रोवून उभा होता.

"सगळ्यांनी करून बघलंव, सर," वर्गाचा पुढारी देवेश हळू आवाजात म्हणाला. "आठव्या शिवेपर्यंत गुमान सोडता. नवव्या शिवेर काठी मारता."

"उत्तर चुकत असेल तुमचं."

"नाय, सर. सगळ्यांचा एकच येता."

गौरवी काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात सरांची भुवई वर गेली आणि तिने तोंड मिटलं.

सर खुर्चीवर बसले. पडद्यावर नववा प्रश्न होता: 'सहा उंडे आहेत. प्रत्येकाला अर्धा उंडा दिला, तर किती जणांना पुरतील?' सकाळी पोदेर सायकलवरून जे कडक पाव आणतो, ते उंडे. एका उंड्यात दोघं, सहा उंड्यांत बारा. दुसरीतलं पोरही सांगेल. सरांनी ऐटीत बारा टाइप केले.

राखणदाराने मान वळवली, काठी उचलली आणि आपटली. स्पीकरमधून धाडकन आवाज आला. "चूक! फाटी फिर!" एक घोगरा, म्हातारा आवाज कडाडला.

सर खुर्चीत दोन इंच मागे गेले. सव्वीस वर्षांत त्यांना 'चूक' असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा बारा टाइप केले, या वेळी एकेक आकडा जपून. पुन्हा काठी. पुन्हा "फाटी फिर!" मागे कोणीतरी मुसमुसलं. ती पल्लवी होती. सरांना सकाळचा न वाजवलेला हॉर्न आठवला, आणि राखणदार इतर कोणावर नाही, आपल्यावरच उठला आहे, याबद्दल त्यांची खात्री पटली.

"यंत्र बिघडलंय," सर मोठ्याने म्हणाले. "गौरवी, बंद कर आणि पुन्हा सुरू कर."

"मदीच बंद करूक येणा नाय, सर."

"का येत नाही? तो लाल गोल आहे ना?"

"गाऱ्हाणा घातलेला असा."

मग सगळा उलगडा झाला. सुरुवातीला काहीतरी आवाज घाल, साहेबांना बरं वाटेल, असं सरांनीच गौरवीला सांगितलं होतं. गौरवीचे आजोबा महादेव गावचं गाऱ्हाणं घालतात. देवळात, शेतात, लग्नाघरात, कुठलंही काम आरंभायचं तर देवापुढे उभं राहून देवाला सगळं सांगायचं आणि वचन घ्यायचं-द्यायचं, हे त्यांचं काम. गौरवीने आज्याला सांगितलं, शाळेच्या खेळासाठी एक गाऱ्हाणं म्हण. आज्याने कौतुकाने म्हटलं. तिने ते फोनवर घेतलं आणि खेळाच्या तोंडाला जोडून दिलं. राखणदाराचं बोलणंही तिने आज्याच्याच आवाजात घेतलं होतं.

"काय म्हटलंय त्यात?" सरांनी विचारलं.

देवेशला ते तोंडपाठ झालं होतं. तो ताठ उभा राहिला आणि महादेवाच्याच चालीत सुरू झाला. "बा देवा म्हाराजा! चारय शिवेच्या राखणदारा! आज ही शाळेची पोरां तुज्या शिवेत खेळ मांडतत."

"व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"खेळ मांडल्यापासून सरेपर्यंत तू हयच उभो रव. खेळ सरलो काय एकेका पोराक हात धरून तेच्या घराक पोचय."

"व्हय म्हाराजा!"

"मदी कोणी उठाचा नाय, मदी कोणी मोडाचा नाय. जो मोडीत, तेची पाठ आणि तुजी काठी!"

"व्हय म्हाराजा!"

या तिसऱ्या 'व्हय म्हाराजा'त सरांचाही आवाज होता. त्यांचे हात केव्हा जुळले आणि डोळे केव्हा मिटले, त्यांना कळलं नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट. डोळे उघडले तेव्हा सत्तावीस मुलं त्यांच्याकडे बघत होती. सरांनी घाईघाईने हात सोडवले आणि चष्मा पुसायला घेतला.

"हे बघा," ते म्हणाले, "हे एक यंत्र आहे. आत तारा आहेत. देवेश, तो लाल गोल दाब."

"तुमी दाबात, सर."

"मी कशाला? विद्यार्थ्यांनी स्वतः करून शिकायचं, असं शिबिरात सांगितलंय."

देवेशने दोन्ही हात पाठीमागे नेले. सरांनी वर्गभर नजर फिरवली, तसे सगळ्यांचे हात पाठीमागे गेले. शेवटी सरांनीच माउस धरला. पडद्यावरचा बाण लाल गोलाच्या दिशेने सरकू लागला. गोलाच्या अगदी कडेला आल्यावर तो थांबला, कारण सरांना स्वतःची पाठ आठवली. गेल्या पावसापासून ती तशीही दुखत होती.

दीडला घंटा झाली. शाळा सुटली, पण सातवीचा वर्ग जागचा हलला नाही. खेळ सरल्यावर राखणदार घरी पोचवणार असं ठरलं होतं. खेळ सरला नाही, मग जायचं कोणाबरोबर? बाहेर बसवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. घरी आमटी-भात निवत होता, आणि आयांचे फोन शाळेच्या कचेरीत येऊ लागले होते. ते ऐकून मालतीबाई तरातरा आल्या.

"गोकुळदास, मुलांना का बसवून ठेवलंय?"

सरांनी सांगितलं. सांगताना आपण किती शांत आहोत हे दाखवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. मालतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"बाई, तुम्ही मुख्याध्यापिका आहात," सर म्हणाले. "तुम्ही बटण दाबलंत तर ते कार्यालयीन होईल."

"मी धारगळची," मालतीबाई म्हणाल्या. "आमच्या शिवेवरच्या राखणदाराशी माझी ओळख आहे. तुमच्या राखणदाराशी माझी काही ओळख नाही. मी दुसऱ्यांच्या शिवेत हात घालायची नाही." मग त्यांनी प्रश्न वाचला, मनात हिशोब केला, आणि राहवलं नाही म्हणून उभ्याउभ्याच बारा टाइप केले. धाडकन काठी आपटली. मालतीबाईंनी सरळ महादेवाला बोलवायला फोन लावला.

महादेव शेजारच्याच वाडीतला. तो अर्ध्या जेवणावरून उठून, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत आला. दारात वहाणा काढून तो आत शिरला आणि स्वतःचाच आवाज स्पीकरमधून "फाटी फिर!" म्हणताना ऐकून जागीच खिळला.

"आजो, गाऱ्हाणा तू खराच घातलंस?" गौरवीने विचारलं.

"खोटा गाऱ्हाणा कसा घालतत?" महादेव म्हणाला. "तू म्हटलंस शाळेच्या खेळाक व्हया. मी तोंड धुतलंय, दिवो लायलंय आणि घातलंय. तेका सांगलंय उभो रव, तर तो उभोच रवतलो. खेळ सारून तेका मोकळो करूक व्हयो. मदीच बंद केलास तर तो हयच रवतलो, ह्या खोलयेत." आणि तो दहाही यंत्रांकडे बघू लागला.

महादेव चार गावांतला जाणता माणूस, म्हणून त्याला खुर्ची दिली. त्याने प्रश्न दोनदा वाचून घेतला. बोटं मोजली. "बारा," तो म्हणाला. देवेशने टाइप केलं. काठी आपटली आणि महादेवाने महादेवाला मागे फिरवलं.

आता मात्र म्हाताऱ्याचाही चेहरा उतरला. "आता आणि कोणी बारा म्हणू नकात," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तेका राग येता हा."

तेवढ्यात वीज गेली.

पंखा गरगरत थांबला. पडद्याखालची बॅटरी 'टीं... टीं...' करू लागली. ती जुनी होती, दहा मिनिटांच्या वर दम धरायची नाही, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. दहा मिनिटांनी खेळ कोणी न मोडता आपोआप मोडणार होता. मग काठी कोणाच्या पाठीत बसायची, यावर मुलांत कुजबूज सुरू झाली, आणि सगळ्यांच्या नजरा हळूहळू सरांकडे वळल्या. प्रश्न शेवटी सरांचे होते.

सरांना दरदरून घाम फुटला. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी खिशातून प्रश्नोत्तरांचा कागद काढला. उंड्यांऐवजी दुसरा काही प्रश्न घालता येतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यांनी घडी उघडली आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

'सहा उंडे, प्रत्येकी अर्धा. उत्तर: ३.'

अक्षर सुंदर होतं. त्यांचंच होतं. तीनच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या, त्याही त्यांच्याच. गेल्या आठवड्यात, बुधवारी, डिचोलीच्या बाजारात विमला बांगड्याच्या दरावरून घासाघीस करत असताना स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी शेवटचे दोन प्रश्न लिहिले होते. अर्ध्याने भागायचं, तर त्यांनी सरळ अर्धं केलं होतं. सहाचे अर्धे तीन! गेली सव्वीस वर्षं ते पोरांना कंठशोष करून सांगत आले होते की ही चूक करू नका, आणि ती त्यांनी स्वतः दोन रेघा मारून केली होती.

सरांनी कागदाची घडी घातली. राखणदार रागावला नव्हता. गौरवीने जे उत्तर घालून दिलं, तेवढंच त्या बिचाऱ्याला माहीत होतं, आणि तिने ते सरांच्या कागदावरून घातलं होतं.

बॅटरी 'टीं... टीं...' करतच होती. आणि सरांच्या मनात एक विचार आला. अजून सात मिनिटं गप्प बसलं की झालं! यंत्र आपोआप बंद पडेल. मग संध्याकाळी एकट्याने येऊन तीनाचे बारा करायचे. उद्या साहेबांपुढे राखणदार गुमान बाजूला होईल आणि सव्वीस वर्षांच्या नावाला ओरखडाही उठणार नाही. कोणाला कधी कळणार नाही. हा विचार इतका सोयीचा होता की सरांना स्वतःचीच भीती वाटली.

त्यांनी पल्लवीकडे पाहिलं. तिने डोळे घट्ट मिटून गौरवीचा हात धरला होता. महादेव ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मालतीबाई दारापाशी उभ्या होत्या, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. पुढचे काही दिवस ही पोरं आईचा पदर सोडायची नाहीत, आणि या खोलीत तर पुन्हा पाऊल ठेवायची नाहीत. आणि पडद्यावरचा तो उभा होता, तसाच. तो खरा का खोटा, हे सरांना त्या क्षणी विज्ञानाला विचारूनही सांगता आलं नसतं. पण त्याला अर्ध्यावर टाकून जायची त्यांची छाती झाली नाही.

ते उठले, यंत्राजवळ गेले, आणि त्यांनी तीन टाइप केले.

राखणदाराने मान हलवली. काठी खाली घेतली. "बरोबर! जा, बाये," म्हाताऱ्या आवाजात तो मायेने म्हणाला आणि बाजूला झाला.

खोलीत सगळे आ वासून बघत राहिले. देवेशने झटपट दहावा प्रश्न सोडवला. पडद्यावरची मुलगी घरी पोचली, दिवा लागला, राखणदाराने हात वर केला आणि तो शिवेकडे चालता झाला. खेळ सरला. पाठोपाठ बॅटरीने शेवटची 'टीं' केली आणि पडदा काळा झाला.

"तीन?" मालतीबाई म्हणाल्या.

"तीनच," महादेव पंच्याने तोंड पुसत म्हणाला. आता त्याला धीर आला होता. "आमी आपले मनशांचे हिशोब करतंव. तेका तीन व्हये, तर तीन! एकेकाक दोन-दोन उंडे! देव कधी अर्धो उंडो वाढता? देवाचा गणित वेगळा. आणि ता गोकुळदास मास्तराक कळला. बाकी कोणाक कळला नाय."

सगळ्यांनी सरांकडे अशा आदराने पाहिलं की सर गोरेमोरे झाले. ख्याती गेली तर नव्हतीच, उलट दुप्पट झाली होती. आता ती थेट शिवेपलीकडे पोचली होती. देवेशने वही काढली. त्याच्या पाठोपाठ पाच-सहा वह्या निघाल्या. "सर, म्हणजे साधो हिशोब असलो तर बारा, आणि देवाचो असलो तर तीन, असा लिवू?" त्याने विचारलं.

सरांनी त्या वहीकडे पाहिलं. देवेशने समास सोडून, पट्टीने रेघ मारून, दोन रकाने आखले होते. पालीची भीती, साहेबांची भीती, राखणदाराची भीती, सगळ्या भीती त्यांना ओळखीच्या होत्या. पण ही पोरं आपण सांगितलेलं काहीही लिहून घेतील, ही भीती त्यांना पहिल्यांदाच शिवली.

"नको लिहू," सर म्हणाले. घसा खाकरून त्यांनी पुन्हा म्हटलं, "लिहू नका कोणी. बाराच बरोबर. माणसाचं बारा आणि देवाचंही बारा. तीन माझं. मी चुकलो. मी कागदावर चुकीचं उत्तर लिहून दिलं. गौरवीने मी दिलं तेच घातलं." आणि त्यांनी कागद उघडून सगळ्यांपुढे धरला.

हे बोलून झाल्यावर सरांनी डोळे मिटले. पाठीत काठी बसायची तर आत्ताच बसेल, असं त्यांना वाटलं. पण काही झालं नाही. बाहेर बसवाल्याने तेवढा एक लांब हॉर्न मारला.

"म्हणजे माका भियेवन ठेयल्यानी तो राखणदार न्हय," महादेव सावकाश म्हणाला. "मास्तर तुमी."

सरांनी मान खाली घातली. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "गौरवी," त्यांनी विचारलं, "उत्तरं तू स्वतः घातलीस. तीन घातलेलं तुला ठाऊक होतं?"

"व्हय, सर."

"बारा बरोबर, हेही ठाऊक होतं?"

"व्हय, सर."

"मग तासभर सगळे काठ्या खात होते, तू गप्प का बसलीस? राखणदाराला भ्यालीस?"

गौरवीने नाही म्हणून मान हलवली. राखणदार तिने स्वतः केला होता. त्याची काठी, त्याची घोंगडी, त्याचं पाऊल, सगळे ठोकळे तिनेच एकाखाली एक लावले होते. "राखणदाराक कित्याक भियेव, सर?" ती म्हणाली. "तुमका भियेलंय."

खोली पुन्हा शांत झाली. सरांना वर्गातली ही शांतता फार वर्षांची ओळखीची होती. आपलं शिकवणं सगळ्यांना छान समजतं म्हणून ही शांतता असते, असं ते विमलाला अभिमानाने सांगत आले होते. ते जवळच्या बाकावर मटकन बसले.

"मला?" ते म्हणाले. आपल्याला कोणी भीत असेल ही गोष्ट त्यांना खरीच वाटेना. "बरं. आता भ्यायचं नाही. यापुढे माझं काही चुकलेलं दिसलं तर सरळ सांगायचं."

हे त्यांनी उद्यापासून म्हणून सांगितलं होतं. पण देवेशने तिथल्या तिथे हात वर केला.

"सर, पयल्या चाचणीत वर्तुळाचो परीघ तुमी चुकीचो काडललो. माजे दोन मार्क गेले."

"सर, फळ्यार तुमी लिवललो सात आठां चौपन्न," पल्लवी डोळे पुसत म्हणाली. "आमी तसाच उतरून घेतला."

मागच्या रांगेत आणखी चार हात वर झाले. मग सहा. खिडकीपाशी तर एकाने दोन्ही हात वर केले होते. महादेव हे सगळं बघत होता. त्यानेही पंचा दुसऱ्या खांद्यावर घेऊन उजवा हात वर केला. "मास्तर, ह्या चेडवाचो, गौरवीचो, बापूस, आमचो विशाल, तुमच्याच हाताखाली होतो. तेच्या टायमाचा एक व्याजाचा गणित असा. तो अजून सांगता. ता आता काडू?"

सरांनी मदतीसाठी दारापाशी पाहिलं. मालतीबाईंनी उंबऱ्याबाहेरचा पाय आत घेतला होता, आणि जरा संकोचत, खांद्याच्या वर जाणार नाही एवढाच, हात वर केला होता.

"गेल्या वर्षीच्या निकालपत्रकाची बेरीज, गोकुळदास," त्या म्हणाल्या. "मी काही बोलले नव्हते."

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता आणि घरी जायची कोणालाच घाई नव्हती. त्यांनी वर झालेले हात मोजायला सुरुवात केली, मध्येच मोजणी चुकल्यासारखी वाटली, म्हणून ती सोडून दिली आणि खडू हातात घेतला.

"एकेकाने बोला," ते म्हणाले. "आधी ह्या सालचं, मग मागचं."